वाचून दाखवलेला मजकूर

मला लोकांना हसवता येतं हे वयाच्या चोविसाव्या वर्षी माझ्या लक्षात आलं. आलं नसतं तर बरं झालं असतं. तेव्हा मी बेळगावात एका शाळेत इंग्रजी शिकवत होतो. इंटरला दोनदा नापास झालेला माणूस इंग्रजी शिकवतो याचं कुणाला काही वाटत नसे. मला नापास करणारे मुंबईचे होते, मी ज्यांना शिकवायचो ते इथले होते, आणि या दोघांची गाठ पडण्याचा संभव नव्हता.

गावात एक चार पानी साप्ताहिक निघायचं. पहिल्या पानावर देशाची परिस्थिती, मधल्या पानांवर वकिलांच्या सभा आणि ताकदीच्या औषधांच्या जाहिराती. चौथ्या पानाची डावी बाजू नेहमी रिकामी पडायची. संपादक माझ्या वडिलांच्या ओळखीचे. ते एकदा म्हणाले, "तू चारचौघांत काहीबाही बोलत असतोस, ते लिहून दे की." मी लिहून द्यायला लागलो. टोपणनाव घेतलं. ते इथे सांगत नाही, कारण गावातल्या काही म्हाताऱ्यांना ते अजून आठवतं आणि आठवलं की ते हसतात.

विषयांना तोटा नव्हता. खडेबाजारातल्या एका हॉटेलवाल्याने ग्रामोफोन आणला होता, पण तबकड्या तीनच. एका कपात तिन्ही ऐकून व्हायच्या, तरी गिऱ्हाईक उठायचं नाही. शेवटी त्याने पाटी लावली, की तीच तबकडी दुसऱ्यांदा लागल्यास दुसरा चहा घ्यावा. नाटक कंपनीचा मुक्काम पडला की गावातली निम्मी तरुण मंडळी नटासारख्या कॉलरचे कोट शिवायला टाकायची, आणि कंपनी मिरजेला गेल्यावर शिंपी ते कोट द्यायचा. कॅम्पात गोऱ्या सोजिरांचा बँड ऐकायला गेलेले आमचे पेन्शनर परत येताना छाती काढून चालायचे, ती छाती रेल्वे फाटकापर्यंत टिकायची. पुण्याचा पाहुणा समोर आला की आमच्या गावच्या माणसाचं 'न्हाय' कसं 'नाही' होतं आणि 'खरं' कसं 'पण' होतं, यावरही मी अर्धा रकाना लिहिला होता. मी स्वतः घरात 'न्हाय' म्हणायचो, वर्गात 'नाही' आणि वाचनालयात 'नाहीये'. ते मात्र लिहिलं नाही.

वाचनालयाचं सांगायलाच हवं. तिथे संध्याकाळी चार-सहा शिकलेली माणसं जमायची. त्यांच्यात पुण्याहून येऊन इथे वकिली करणारे एक गृहस्थ होते. ते हसले तर बाकीचे हसत. शनिवारी साप्ताहिक आलं की ते चौथं पान आधी उघडायचे. लिहिणारा मी, हे त्यांना ठाऊक होतं. ते हसून माझ्याकडे नुसतं बघायचे, आणि तेवढ्यावर माझा आठवडा निघायचा. आज हे लिहिताना स्वतःचीच कीव येते, पण तेव्हा त्या माणसाच्या हसण्यासाठी मी काय वाटेल ते लिहिलं असतं. आणि लिहिलंही.

तेव्हा सिनेमा मुका होता. बोलपट येऊन आता इतकी वर्षं झाली, की वर्गात हे मुलांना फोड करून सांगावं लागतं. पडद्यावरची माणसं ओठ हलवायची, मग काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं यायची. थिएटरात बसलेल्यांपैकी फार थोड्यांना ती वाचता यायची. म्हणून पडद्याच्या डाव्या अंगाला एक माणूस लांब वेताची काठी घेऊन उभा राहायचा आणि मोठ्याने सगळं सांगायचा. आमच्या पत्र्याच्या थिएटरात हे काम वडगावचे एक विणकर करायचे. पन्नाशीचे, उंच, गळा खणखणीत. दिवसभर मागावर लुगडी विणायची आणि दिवेलागणीला कोट-टोपी चढवून चालत थिएटरात यायचं. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, मीही.

अण्णा मराठीत एक वाक्य म्हणायचे आणि त्याच दमात कानडीत. "आला बघा, आला. बंद नोड्री, बंद." पुढच्या जमिनीवर बसलेला मराठी शेतकरी आणि त्याच्या मांडीला मांडी लावून बसलेला कानडी गाडीवान, दोघेही एकदमच टाळ्या वाजवायचे. विलायती चित्र असलं तर अण्णांच्या अंगात यायचं. तिकडचा लॉर्ड इथे इनामदार व्हायचा, पोलीस फौजदार व्हायचा, घोड्याला नाव मिळायचं. खिडकीत उभी राहून मड्डम रडायला लागली की अण्णा आवाज बारीक करून म्हणायचे, "आगं माझे आये, लढाईवर गेला तो गेला, एक कागूद न्हाय गं त्याचा." बायकांसाठी बाजूला कनात लावलेली असायची, तिच्यामागे पदर डोळ्यांना लागायचे. तिथे खरं काय लिहिलेलं असायचं ते मला वाचता यायचं. लिहिलेलं असायचं, 'तीन महिने उलटले.'

एक दिवस शाळा सुटल्यावर अण्णा माझ्या घरी आले. माझी त्यांची ओळख थिएटरात नमस्कारापुरती. बायकोने पाणी दिलं. ती आत गेल्यावर त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मास्तर, एक इचारू? मला अक्षर येत न्हाय."

"इंग्रजी?"

"मराठी न्हाय, कानडी न्हाय, इंग्रजी तर न्हायच."

लहानपणी त्यांनी कॅम्पात एका साहेबाच्या बंगल्यावर पंखा ओढला होता. तिथली चार इंग्रजी वाक्यं त्यांना साहेबाच्या सुरात म्हणता यायची. ती ऐकूनच थिएटरच्या मालकाने त्यांना ठेवून घेतलं. इंग्रजी येतं म्हणजे मराठी वाचता येतच असणार, असं धरून चालला. इतके दिवस दवाखान्यातला एक कंपाउंडर चित्र आधी बघून अण्णांना पाट्या वाचून दाखवायचा. त्याची आता बदली झाली होती.

"तुमी सांगत जावा. एकदा सांगटलं की बस हाय मला," ते म्हणाले. "खरं ही गोष्ट मालकाच्या कानावर जाऊ नये. गेली तर काम गेलं म्हणून समजा."

मी शब्द दिला. नवं चित्र शुक्रवारी यायचं. दुपारी मशीनवाला ते एकदा चालवून बघायचा. पत्र्याच्या फटींना गोणपाट लावलेलं, आत उकाडा, बाहेर तेलाच्या इंजिनाची धडधड. बाकावर मी आणि अण्णा शेजारी शेजारी. पाटी आली की मी हळू आवाजात मराठीत सांगायचो. ते मान डोलवायचे, एकदाही परत विचारायचे नाहीत. संध्याकाळी शंभर-सव्वाशे पाट्या एकामागून एक, जागच्या जागी. मी वर्गात दोन कविता पाठ म्हणायला बसलो तर तिसऱ्या कडव्यात अडखळायचो. याच्या बदल्यात मला आणि बायकोला खुर्चीची जागा फुकट मिळायची. वाचनालयात मी सांगितलं होतं, की वर्तमानपत्रात लिहितो म्हणून मालकाने पास दिलाय.

असं वर्षभर चाललं. मग एका संध्याकाळी मशीनवाल्याने तिसरं रीळ उलट्या बाजूने भरलं. चित्रात डाव्याचं उजवं झालं, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. पण पाट्यांवरची अक्षरं आरशात दिसावीत तशी उलटी आली. मी खुर्चीत सावरून बसलो. अण्णांनी काठी पाटीवर टेकवली, एका अक्षराखालून दुसऱ्या अक्षराखाली सरकवली, अगदी रोजच्यासारखी, आणि रोजच्यासारखंच खणखणीत सांगितलं. चूक एकही नाही. थिएटरात कुणाला काही कळलं नाही. रीळ संपेपर्यंत मी रुमाल तोंडात कोंबून हसत होतो. शेजारी बायको विचारत होती, काय झालं म्हणून. मी तिला सांगितलं नाही. इतकी चांगली गोष्ट फुकट खर्च करायची नव्हती.

पुढच्या शनिवारी चौथ्या पानावर मजकूर आला. तो मला अजून पाठ आहे, दुर्दैवाने. 'आमच्या गावच्या थिएटरात पडद्याशेजारी जो इसम काठी घेऊन उभा असतो, तो पाट्या वाचतो असा मायबाप प्रेक्षकांचा समज आहे. परवा मशीनवाल्याने पाट्या उलट्या दाखविल्या, तरी या विद्वानाचे वाचन अडले नाही. आम्हास शंका आहे की पाटीऐवजी मशीनवाल्याची लुंगी दाखविली असती, तरी तीही त्याने शुद्ध वडगावी भाषेत वाचून दाखविली असती. विलायतेच्या मड्डमा वडगावच्या नळावर भांडल्यासारख्या बोलतात, हे ज्ञान आम्हास याच महापंडिताकडून झाले.' असं अजून बरंच होतं.

वाचनालयात तो मोठ्याने वाचला गेला. पुण्याचे वकील इतके हसले, की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. ते माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "फार मार्मिक हो." त्या क्षणी मला मी दिलेला शब्द आठवला का? आठवला. मी मनाला सांगितलं, की मी नाव कुठे घेतलंय. आणि मालक वाचतो कुठे. मालक खरंच वाचत नव्हता, त्याला तिकिटं खपल्याशी मतलब.

रविवारी सकाळी अण्णा घरी आले. हातात साप्ताहिकाचा तोच अंक, नीट चौघडी केलेला, आणि पुड्यात बत्तासे. चेहरा असा फुललेला, की मला आधी काही कळलंच नाही.

"मास्तर, मी पेपरात आलोय म्हनं. बाजारात दोघं-तिघं म्हनाली. हसत हुती सगळी. एकानं पेपरच दिला हातात. वाचा बघू."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने शनिवारीच तो मजकूर वाचला होता आणि काही न बोलता अंक खिडकीत ठेवून दिला होता. मी अंक उलगडला. चौथं पान, डावी बाजू. माझीच वाक्यं. अण्णा पाटावर मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते, शुक्रवारी दुपारी बाकावर बसायचे तसे.

मी वाचायला सुरुवात केली. डोळे त्या ओळींवरून नेत होतो आणि तोंडाने दुसरंच सांगत होतो.

"आमच्या गावच्या थिएटरात पडद्याशेजारी एक गृहस्थ उभे असतात. ते बोलू लागले म्हणजे पडद्यावरच्या मुक्या माणसांना वाचा फुटते. मराठी आणि कानडी त्यांच्या तोंडी सख्ख्या बहिणींसारख्या नांदतात. विलायतेतली बाई रडली, तर वडगावच्या बाईचे डोळे भरतात, ते या गृहस्थांमुळे. मशीन बंद पडले तरी चालेल, पण यांनी थांबू नये." आणखीही काही बोललो. सुचेल तसं, घाम पुसत. मी जन्मात लिहिलेल्या कुठल्याही मजकुरापेक्षा ते चांगलं होतं, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होता. हे मला बोलताना कळत होतं.

अण्णांनी पाटावरून पुढे सरकून अंकावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "परत एकदा वाचा."

मी परत वाचलं. मध्येच त्यांनी हात वर केला. "मगाशी 'सख्ख्या बहिणी' म्हनलासा. आता नुसतं 'बहिणी' म्हनलासा."

"एक शब्द सुटला," मी म्हटलं.

बायकोने चहाची कपबशी आणून ठेवली. ठेवताना तिने अंकाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. अण्णांना वाटलं, ती कौतुकाने बघतेय. त्यांनी तिलाही बत्तासे घ्यायला लावले.

चहा पिता पिता त्यांनी खरी गोष्ट सांगितली. निपाणीला तंबाखूचा एक व्यापारी पक्कं थिएटर बांधत होता. पडद्याजवळ उभं राहायला माणूस हवा होता, बारा महिन्यांचा, राहायला खोलीसकट. माग चालवायचा तो जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून, आणि त्या खड्ड्यात अण्णांचे पाय आखडायला लागले होते. सकाळी खड्ड्यातून वर यायला त्यांना मुलाचा हात धरावा लागायचा. "पाय म्हनतात बास झालं आता. गळा म्हनतोय अजून चालू दे. निपानीत नुसत्या गळ्याचं काम हाय," ते म्हणाले. व्यापाऱ्याला भेटायला ते बुधवारी जाणार होते. "माझ्यासारख्या अडाण्याची वळख कोण देणार, ह्या काळजीत हुतो. आता ह्यो पेपरच ठेवतो त्याच्यासमोर."

"हा फाटलाय थोडा," मी म्हटलं. "मी दुसरा आणून देतो."

"ह्योच द्या. ह्यातलं तुमी वाचलंय," ते म्हणाले. अंक त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि वरून हात फिरवला.

ते गेल्यावर बायको म्हणाली, "ते हे कुणाच्या हातात देणार आहेत, कळतंय ना तुम्हाला?"

"बघू."

"बघू काय? आत्ता मागनं जा आणि सांगा."

मी गेलो नाही. सोमवारी शाळेत इन्स्पेक्टर येणार होता. मंगळवारी सायकल काढली, वडगावच्या वाटेला लागलो, शहापुरात पुण्याचे वकील भेटले. त्यांच्याबरोबर त्यांचे मेहुणे होते. वकिलांनी माझी ओळख 'आमचे विनोदी लेखक' अशी करून दिली आणि मला तो लुंगीचा प्रसंग पुन्हा सांगायला लावला. मी सांगितला. मग उशीर झाला असं म्हणून सायकल घराकडे वळवली. उशीर काही झाला नव्हता, ऊन अजून होतं. तोंड दाखवायची हिंमत नव्हती, एवढंच. आपण केलेलं सांगायचं तर आधी आपण कोण ते सांगावं लागणार, आणि ते मला जमत नव्हतं. बुधवारी सकाळच्या सर्व्हिस मोटारीने अण्णा निपाणीला गेले.

शुक्रवारी दुपारी मी बाकावर एकटाच बसून होतो. अण्णा आले नाहीत. संध्याकाळी थिएटर भरलं, तरी नाहीत. मालक माझ्याकडे आला. "मास्तर, तुम्हाला वाचता येतंय न्हवं? आजच्या दिवस उभं ऱ्हावा."

मी उभा राहिलो. काठी हातात घेतली. पहिली पाटी आली, मी ती अगदी बरोबर वाचली. दुसरी, तिसरी. शुद्ध भाषेत, एक काना इकडे तिकडे नाही. जमिनीवरून कुणीतरी म्हणालं, "मास्तर, वर्ग सुटला, घरला जावा." हशा झाला. मग कानडीत आवाज आला, "अवरन्न करीरी", त्यांना बोलवा म्हणून. मड्डम खिडकीत येऊन रडायला लागली आणि मी म्हणालो, 'तीन महिने उलटले.' कनातीमागे बायकांच्यात मुलं रडत होती, त्या त्यांना गप्प करत होत्या, माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. मध्यंतरात अर्धी माणसं उठून गेली. लोकांनी मला हसावं, अशी वेळ माझ्यावर तेव्हा पहिल्यांदाच आली होती. पुस्तकात म्हणतात तसा काही घाव वगैरे बसला नाही. नुसते कान तापले.

पुढे दोन-अडीच वर्षांत बोलपट आले आणि पडद्याजवळची काठी सगळ्याच गावांतून गेली. हे काम तसंही जाणारच होतं, असं मी नंतर कितीदा तरी मनाला सांगितलं आहे. त्या शुक्रवारनंतरच्या रविवारी वडगावला जाताना मात्र एवढा आधारही माझ्याकडे नव्हता.

वडगावच्या त्या गल्लीत घराघरातून मागांचा खटखटाट चालू होता. अण्णा मागाच्या खड्ड्यात कंबरेपर्यंत उतरून बसले होते, समोर हिरवं लुगडं अर्धं विणलेलं. मला बघून त्यांनी विणायचा धोटा हातातच धरून ठेवला.

"या मास्तर. बसा की." मला बसायला पोतं सरकवलं. खड्ड्यातून वर आले नाहीत.

मी विचारलं, निपाणीला काय झालं. त्यांनी सांगितलं, विशेष काही नसल्यासारखं. व्यापारी वखारीत बसला होता, आजूबाजूला दहा-पंधरा माणसं. अण्णांनी पेपर पुढे ठेवला आणि म्हणाले, माझं ह्यात छापून आलंय, आधी वाचा आणि मग मला विचारा. व्यापाऱ्याने तो दिवाणजीला वाचायला लावला. दिवाणजीने मोठ्याने वाचला. माणसं हसायला लागली. अण्णांना वाटलं, आपलं कौतुक ऐकून हसतायत, म्हणून तेही हसले. "लुंगीपतुर हसत हुतो मी," ते म्हणाले. "लुंगी आली, तवा कळलं ह्ये दुसरंच कायतरी हाय."

गल्लीतला खटखटाट चालूच होता.

"ती अक्षरं उलटी आलती, ह्ये मला ठावंच नव्हतं," अण्णा म्हणाले. "निपानीत कळलं. मी इचार केला, ह्ये कुणाला ठावं असंल. मशीनवाल्याला, खरं त्याला लिवता येत न्हाय. माझ्या वाचण्याकडं ध्यान ठेवून बसणारं दुसरं एकच माणूस हाय."

मला म्हणायचं होतं, की चुकलो. म्हटलंही बहुतेक. आवाज माझा मलाच ऐकू आला नाही. थिएटरात लोक तुमच्यासाठी ओरडतायत, मालकाला काही कळलेलं नाही, परत चला, असं काहीतरी बोलत राहिलो.

"न्हाय," ते म्हणाले. "आता पाटी आली की मला वाटंल, सुलटी हाय का उलटी. त्यात माझा गळा अडंल."

एवढ्यात त्यांची बायको हात पुसत बाहेर आली. मागून सून, आणि शेजारच्या घरातल्या दोन म्हाताऱ्या. मी आल्याचं गल्लीत कळलं होतं. "ह्येच न्हवं का ते मास्तर," त्यांची बायको म्हणाली, "ज्यांनी पेपर वाचून दावला? आवं, तुमच्याकडनं आल्यापास्नं ह्यांनी सगळ्या गल्लीला म्हनून दावलंय ते. खरं ह्या म्हाताऱ्या म्हनतात, पेपर बघून वाचलेलं ऐकायचं हाय. निपानीच्या सावकाराला माणूस आधीच मिळाला म्हनं, न्हायतर आमी आता तिकडंच असतो. वाचा की मास्तर."

मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनी मुलाला हाक मारली, त्याच्या हाताला धरून खड्ड्यातून वर आले. कोनाड्यातल्या पेटीचं कुलूप काढलं. आतून तो अंक काढला, उलगडला, चौथं पान वर करून माझ्या हातात दिला. पान त्यांनी सुलटं दिलं होतं. मग माझ्या शेजारी पोत्यावर बसले. बायका समोर बसल्या.

गल्लीतल्या कुणीतरी माग थांबवला. मी 'आमच्या गावच्या थिएटरात' म्हणालो, आणि 'एक गृहस्थ उभे असतात' म्हणालो, आणि पुढे मला काही आठवेना. आधीच्या रविवारी घाबरून जे सुचलं ते बोललो होतो, ते माझ्या डोक्यात राहिलंच नव्हतं. डोळ्यांसमोर होतं ते छापलेलं, 'या विद्वानाचे वाचन'. म्हाताऱ्या तोंडाकडे बघत होत्या. मी खाकरलो. पान जरा जवळ घेतलं.

अण्णा माझ्या कानाशी वाकले आणि शुक्रवारी दुपारी मी त्यांना सांगायचो त्या आवाजात, कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "ते बोलू लागले म्हणजे पडद्यावरच्या मुक्या माणसांना वाचा फुटते."

मी ते मोठ्याने म्हटलं. ते थांबले, माझं वाक्य पुरं होऊ दिलं, आणि पुढचं सांगितलं.